कामाचं रक्त टिकवायचं कसं: वर्किंग जातींच्या ब्रीडिंगची सगळी प्रोसेस

कुत्र्याला नोंदणीचे पेपर आहेत, पेडिग्रीत (वंशावळीत) चार पिढ्या मागे मोठमोठी नावं आहेत, दिसायलाही अगदी जातीच्या स्टँडर्डप्रमाणे आहे, म्हणजे त्याच्यात काम असणारच असं आपण धरून चालतो आणि तिथेच गडबड होते. रंग, कान, शेपटी डोळ्यांना दिसतात त्यामुळे त्या आपोआप सांभाळल्या जातात. कामाची ओढ मात्र कुत्र्याला कामाला लावल्याशिवाय कळतच नाही, आणि जे कळत नाही त्यावर निवड होत नाही, मग ते पिढीगणिक विरळ होत जातं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही कारण बाहेरून कुत्रा तोच दिसतो.

स्वीडनमध्ये कुत्र्यांची एक ठरावीक मेंटल टेस्ट घेतात, त्या टेस्टच्या डेटावर केंथ स्वार्टबर्ग यांनी २००६ मध्ये अभ्यास मांडला, ३१ जाती आणि १३ हजारांहून जास्त कुत्रे. त्यात आलं असं की जातीचा आजचा स्वभाव तिच्या मूळ कामाशी जुळत नाही, ती आज कशासाठी वापरली जाते त्याच्याशी जुळतो. शोसाठी (दिसण्याच्या स्पर्धांसाठी) जास्त वापरल्या जाणाऱ्या जातींमध्ये भीती जास्त आणि खेळकरपणा, कुतूहल कमी, कामासाठी वापरल्या जाणाऱ्यांमध्ये खेळकरपणा जास्त. थोडक्यात आजोबांची पुण्याई फार दिवस पुरत नाही.

मी पुढे जे सांगणारे त्यात एकच धागा आहे: कुत्र्यात जन्मजात काय आहे आणि शिकवलेलं काय आहे हे वेगळं करून बघायला शिका, आणि जोडी लावताना फक्त जन्मजात भागाला मार्क द्या. चांगला ट्रेनर अर्ध्यामुर्ध्या कुत्र्यालाही टायटल (परीक्षा किंवा स्पर्धा जिंकून नावापुढे लागणारी पदवी) मिळवून देतो, पण पिल्लांना बापाचा ट्रेनर वारशात मिळत नाही ना!

पायरी १: काम नक्की काय ते लिहून काढा

"हाय ड्राइव्ह पाहिजे" (ड्राइव्ह म्हणजे कामाची ओढ) हे वाक्य आधी डोक्यातून काढून टाका, त्याला काही अर्थ नाही. रेमंड कॉपिंजर या अभ्यासकाने शिकारीची साखळी मांडली आहे ती इथे फार उपयोगी पडते. सावज हेरणं, नजर रोखणं, दबा धरून सरकणं, पाठलाग, तोंडात पकडणं, मारणं, फाडणं, खाणं. माणसाने वेगवेगळ्या जातींमध्ये या साखळीच्या वेगवेगळ्या कड्या वाढवल्या किंवा दाबल्या. बॉर्डर कॉलीमध्ये नजर, दबा आणि पाठलाग प्रचंड वाढवला आणि पुढच्या कड्या दाबल्या, रिट्रीव्हरमध्ये (शिकार झालेला पक्षी तोंडात आणून देणाऱ्या जातींमध्ये) पकडणं ठेवलं पण तोंड मऊ पाहिजे, पक्षी चिरडला की संपलं. आणि कळप राखणाऱ्या कुत्र्यांमध्ये तर मेंढरांच्या बाबतीत ही साखळी जवळजवळ झोपलेलीच पाहिजे. आता याच राखणदार जातीत कुणी "बघा काय चेस करतो" म्हणून खूश होत असेल तर तो जात बिघडवतोय, टिकवत नाहीये.

तेव्हा आपल्या जातीसाठी पाच-सहा गुण कागदावर लिहा. शोधायची चिकाटी, पकड, आवाजाला न घाबरणं, माणसाबरोबर मिळून काम करायची इच्छा, अंगातला दम, आणि काम संपल्यावर शांत बसता येणं. हा शेवटचा गुण सगळे विसरतात. जो कुत्रा घरात तासभर पडून राहू शकत नाही, नुसता पिंजऱ्यात गोल गोल फिरतो, त्याला लोक ड्राइव्ह म्हणतात, बऱ्याचदा ती नुसती अस्वस्थता असते आणि तीही पुढे जाते.

पायरी २: शिकवायच्या आधी बघा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची म्हणून जरा वेळ घेतो.

साधारण दहा महिने ते दीड वर्ष या वयात, फॉर्मल ट्रेनिंग फार झालेलं नसताना, कुत्र्याला नवीन जागी न्या. मोबाइल स्टँडवर लावून रेकॉर्डिंग सुरू ठेवा कारण आपला लाडका कुत्रा असला की डोळे खोटं बोलतात. शोधकाम असेल तर टेस्ट सोपी आहे. गुडघाभर गवत, वारा एका बाजूने येतोय अशी जागा. तुम्ही कुत्र्याला पट्ट्याने धरायचं, दुसऱ्या माणसाने त्याचा बॉल दाखवून गवतात लांब फेकायचा, मग लगेच सोडायचं नाही, त्याला दोन-तीनदा जागच्या जागी गोल फिरवायचं, अर्धा मिनिट थांबायचं आणि मग तोंडातून एक शब्द न काढता सोडून द्यायचं.

एकाच लिटरमधली (एका वेतातली) दोन भावंडं या टेस्टला कशी वेगळी दिसतात बघा. भाऊ सुसाट सुटतो, बॉल जिथे पडला त्या बाजूला नेमका पोचतो, डोळ्याने शोधतो, दोन फेऱ्या मारतो, आणि सापडला नाही की मान वर करून मालकाकडे बघतो, आता काय? बघायला आलेले लोक त्याच्या स्पीडवर फिदा. बहीण जाते त्याच्यापेक्षा हळू, पण गवतात शिरल्या शिरल्या नाक खाली, वाऱ्याला आडवी चालायला लागते, वास लागला की शेपटीचा ठेका बदलतो, वास सुटला की स्वतःच मागे वळून परत जिथे लागला होता तिथे येते, मालक नावाचा माणूस जगात आहे हेच ती विसरलेली असते. भावात पाठलाग भरपूर आहे पण शोध नाही, म्हणजे वस्तू हलत असेपर्यंतच त्याला तिच्यात रस. शोधकामाची लाइन (वंशाची शाखा) चालवायची तर बहीणच, आणि हे तिला कुणी शिकवलेलं नाही म्हणूनच त्याची किंमत.

मग हीच टेस्ट अवघड करत जा. बॉलऐवजी कमी आवडती वस्तू. मग वस्तू फेकल्याचं नाटक करून खिशातच ठेवायची आणि किती वेळ शोधतो ते घड्याळ लावून बघायचं (शेवटी त्याला काहीतरी सापडू द्या, फसवून परत आणू नका). मग दमलेला असताना. सगळे आकडे वहीत.

गुराखी जातींसाठी शांत, कुत्र्याची सवय असलेल्या आठ-दहा मेंढ्या आणि छोटं कुंपण घ्या. बघायचं काय तर कुत्रा सरळ आत घुसतो की कडेने वळसा घेऊन मागे जायला बघतो, कळपाला तुमच्याकडे ढकलायची बुद्धी होते का, आणि एखादी मेंढी वळून त्याच्यासमोर उभी राहिली तर तो काय करतो. मागे सरतो, चावायला धावतो, की जागेवर उभा राहून तिला हलवतो? एका दिवसात निकाल देऊ नका, काही कुत्रे उशिरा चालू होतात, काही आठवड्यांच्या अंतराने परत दाखवा. आणि मेंढ्या म्हणजे खेळणी नाहीत, कुत्रा अंगावर जायला लागला की लगेच थांबवा.

पायरी ३: नर्व्ह

ड्राइव्ह कितीही असला तरी नर्व्ह (मनाचा घट्टपणा) कच्ची असेल तर कुत्रा कामाच्या दिवशी बंद पडतो. गुळगुळीत फरशी, जाळीचा जिना, अंधारी खोली, पाठीमागे अचानक पडलेलं लोखंडी भांडं, लांबून फटाक्यासारखा आवाज. दचकला म्हणून नापास करायचं नसतं, दचकणं नॉर्मल आहे, सावरायला किती वेळ लागतो ते बघायचं. पाच सेकंदांत भांड्याजवळ जाऊन हुंगणारा कुत्रा आणि त्या कोपऱ्याकडे दिवसभर न फिरकणारा कुत्रा यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आवाजाची भीती तर बऱ्याच प्रमाणात वारशाने येते, तिथे माझ्या मते दयामाया नको, तो कुत्रा घरात प्रेमाने ठेवा पण ब्रीडिंगमधून बाहेर.

पायरी ४: टायटल वाचायला शिका

टायटल वाईट नाहीत, उलट ज्या जातींनी काम टिकवलं त्यांनी परीक्षेची सक्तीच केली. डॉइच ड्राटहार या जर्मन शिकारी जातीचा क्लब १९०२ सालचा, तिथे आईबाप कामाची परीक्षा पास झाल्याशिवाय पिल्लं रजिस्टर होत नाहीत, आणि त्यातली पहिली परीक्षा तरुण कुत्र्यांची, पहिल्या वर्षाच्या आसपास, मुद्दाम कमी ट्रेनिंगची. ती कुत्र्यापेक्षा त्याच्या आईबापांची परीक्षा असते, जन्मजात नाक, शोध, पॉइंट करणं (सावजाचा वास लागला की थबकून दाखवणं), माणसाबरोबर जुळवून घेणं. जर्मन शेफर्डचं बघा, माक्स फॉन स्टेफानिट्झ यांनी १८९९ मध्ये क्लब काढला तो कामाचा कुत्रा म्हणूनच, आजही तिथे ब्रीडिंगच्या निवडीसाठी वर्किंग टायटल, सायकलबरोबर २० किलोमीटर पळायची टेस्ट, कंबर-कोपराचे एक्स-रे असं सगळं लागतं. तरी शो लाइन आणि वर्किंग लाइन फुटल्याच! म्हणजे नुसती सक्ती पुरत नाही, परीक्षा कशी घेतली जाते, जज किती कडक आहे आणि मिळालेल्या माहितीचं ब्रीडर काय करतो हे जास्त महत्त्वाचं.

म्हणून नराचं सर्टिफिकेट हातात आलं की असे प्रश्न विचारा. आयजीपी या कामाच्या कुत्र्यांच्या परीक्षेत माग, आज्ञापालन आणि संरक्षण असे तीन भाग, प्रत्येकी १०० मार्क, ७० ला पास, तर तीन भागांचे मार्क वेगवेगळे किती? परीक्षा घरच्या मैदानावर दिली की परक्या? किती वयात दिली, कितव्या प्रयत्नात, आणि ट्रेनर कोण? सहाव्या वर्षी चौथ्या प्रयत्नात घरच्या मैदानावर पास झालेला कुत्रा आणि दुसऱ्या वर्षी परक्या जागी नवख्या माणसाबरोबर पास झालेला कुत्रा, दोघांच्या नावापुढे अक्षरं तीच लागतात. मार्कांपेक्षा रॉ व्हिडिओ मागा, एडिट न केलेला, आणि कुत्रा चुकल्यावर काय करतो तो भाग बघा.

यूकेमध्ये गनडॉग (बंदुकीच्या शिकारीत मदत करणाऱ्या) जातींना नुसत्या शोवर 'शो चॅम्पियन' म्हणतात, पूर्ण 'चॅम्पियन' व्हायला कामाची पात्रता दाखवावी लागते, हा एक चांगला फरक केलाय त्यांनी. पेडिग्री वाचताना हा फरक लक्षात ठेवा नाहीतर सगळेच चॅम्पियन वाटतात.

स्पोर्टचीही, म्हणजे आयजीपीसारख्या स्पर्धांचीही, एक गोची आहे. परीक्षा ज्याला मार्क देते तेच वाढत जातं. झगमगीत, उड्या मारणारं, बॉलसाठी वेडं झालेलं कुत्रं मैदानावर छान दिसतं, पण तासन् तास संथपणे डोंगर धुंडाळायचं काम असेल तर तोच कुत्रा वीस मिनिटांत डोकं गरम करून बसतो. त्यामुळे जमेल तिथे खऱ्या कामाची माहिती वर, स्पोर्ट खाली.

पायरी ५: वही, आणि अख्खं लिटर

लोक स्टार कुत्रा बघतात, तुम्ही त्याची भावंडं बघा. आठ पिल्लांमधलं एक नॅशनल लेव्हलला गेलं आणि बाकी सात आवाजाला घाबरतात, तर तो स्टार हा अपघात आहे. याउलट आठपैकी सहा ठीकठाक, विश्वासाने काम करणारे, चमकणारं कुणीच नाही, अशा लिटरमधली मादी मी डोळे झाकून घेईन. कामाशी संबंधित बऱ्याच गुणांची वारशाची टक्केवारी कमी ते मध्यम असते, म्हणजे एकाच कुत्र्याला बघून त्याच्या रक्तात काय आहे हे नीट कळत नाही, भावंडं, आईबाप आणि आधीची पिल्लं सगळी मिळून जे चित्र दिसतं तेच खरं. २०२२ मध्ये 'सायन्स'मध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासात तर कुत्र्यांच्या वागण्यातल्या फरकाचा फक्त ९ टक्के भाग जातीमुळे स्पष्ट होतो असं निघालं. तेव्हा जातीच्या नावावर अवलंबून राहूच नका.

वहीत प्रत्येक पिल्लाची एक ओळ: कुणाकडे गेलं, तरुणपणीच्या टेस्टचे आकडे, काम करतंय का, नसेल तर का नाही (मालकाने संधीच दिली नाही की कुत्र्यात दमच नव्हता, हे दोन रकाने वेगळे ठेवा), कंबरेचा रिपोर्ट, कशाने आणि कितव्या वर्षी गेलं. नकोशी माहितीसुद्धा. नकोशीच जास्त.

पायरी ६: अंगकाठी आणि तब्येत

ओढ आहे पण शरीर साथ देत नाही असा कुत्रा बघणं फार त्रासदायक. कंबर, कोपर यांचे अधिकृत एक्स-रे, डोळे, हृदय, आणि जातीला लागू असलेल्या डीएनए टेस्ट. लॅब्राडॉरमध्ये ईआयसी नावाचा आजार आहे, डीएनएम१ जीनमधला दोष, दोन्ही कॉपी खराब असल्या की कुत्रा एरवी ठणठणीत आणि पाच ते वीस मिनिटं जोरात काम केलं की मागचे पाय लुळे पडून कोसळतो, क्वचित जीवही जातो. सोफ्यावरच्या कुत्र्यात हा दोष जन्मभर दिसणारही नाही, कामाच्या लाइनमध्ये मात्र आधी हीच टेस्ट. एक कॉपी खराब असलेला कॅरिअर लगेच फेकून द्यायचं कारण नाही, त्याला क्लिअर (दोन्ही कॉपी चांगल्या असलेला) जोडीदार द्या, नाहीतर एका जीनपायी बाकीचं चांगलं रक्त हातचं जाईल.

पायरी ७: जोडी

आता कुठे मेटिंगचा विषय. आधी मादी. सगळे नराच्या मागे धावतात, पण मादी अर्धं रक्त देते आणि वर पहिले आठ आठवडे पिल्लं तिच्याच अंगाखांद्यावर असतात, घाबरट आई पिल्लांना घाबरायला शिकवते. न तपासलेली मादी आणि जगप्रसिद्ध नर हे कॉम्बिनेशन म्हणजे रस्ता चुकलेल्या गाडीला मोठं इंजिन बसवणं.

दोघांमध्ये सारखाच दोष नको हा साधा नियम. मादीची पकड कमी असेल तर नराची पकड पक्की पाहिजे आणि त्याच्या भावंडांचीही. पण टोकाचं टोकाशी जुळवून मध्य मिळेल या आशेवर राहू नका, अति तापट नर आणि अति थंड मादी यांची सगळी पिल्लं मधलीच होतील असं नसतं, काही तापट, काही थंड, काही भलतीच निघू शकतात.

नात्याचं गणितही करा. सख्ख्या भावंडांच्या पिल्लांमध्ये इनब्रीडिंग २५ टक्के, सावत्र भावंडांच्या १२.५, चुलत भावंडांच्या ६.२५, आणि हे फक्त जवळच्या नात्याचं, मागच्या पिढ्यांमधलं नातं वरून वेगळं. निदान आठ-दहा पिढ्यांची पेडिग्री घालून हिशोब करा, शक्य असेल तर डीएनएवरून. वर्किंग लाइनवाले शो लाइनला नावं ठेवतात पण एकाच चॅम्पियन नरावर सगळ्यांनी माद्या नेण्याचा उद्योग इकडेही तितकाच चालतो. नर मोठा झाला, सगळीकडे त्याचीच पिल्लं, आणि पाच वर्षांनी त्याच्यातला लपलेला दोष वर आला की पळायला जागा नाही. त्याच्या कमी प्रसिद्ध सख्ख्या भावाकडे जा, बरंच रक्त तेच आणि गर्दी नाही.

नर खरा कळतो पाच-सहा वर्षांचा झाल्यावर, त्याची पिल्लं कामाला लागल्यावर, आणि तोपर्यंत त्याचा काळ संपत आलेला असतो. यावर उपाय म्हणजे तरुणपणीच त्याचं सीमेन (वीर्य) फ्रीझ करून ठेवणं. लिक्विड नायट्रोजनमध्ये उणे १९६ डिग्रीला ते वर्षानुवर्षं टिकतं, कुत्रा गेल्यावरही वापरता येतं. वापरायचं की नाही हे नंतर ठरवा, साठवायचं मात्र आत्ता.

पायरी ८: पिल्लं

तिसऱ्या ते बाराव्या आठवड्याचा काळ निसटू देऊ नका. वेगवेगळ्या जमिनी, आवाज, माणसं, जातीला लागू असेल तसे पक्षी किंवा जनावरांचा वास, थोडं एकटं राहणं, छोटी छोटी कोडी. लसीकरण पूर्ण व्हायच्या आधी अनोळखी कुत्र्यांची वर्दळ असलेल्या जागी मात्र नको, उचलून फिरवा. याने वारसा बदलत नाही, असलेला वारसा वर यायला मदत होते एवढंच.

आठव्या आठवड्याची पपी टेस्ट घ्या जरूर, पण तिच्यावर भविष्य लिहू नका. स्वीडनच्या विल्सन आणि सुंडग्रेन यांनी याच वयातल्या पिल्लांच्या टेस्टचा मोठेपणीच्या कामाशी संबंध तपासला तेव्हा तिच्यावरून मोठेपणीचं काम सांगता येत नाही असंच दिसलं. कुठलं पिल्लू कुठल्या घरी शोभेल एवढं ठरवायला ती ठीक. ब्रीडिंगचा निर्णय पायरी दोनच्या वयातच.

पायरी ९: पिल्लं कुणाला

लिटरमधली निम्मी पिल्लं तरी काम करणाऱ्या हातात गेली पाहिजेत, नाहीतर तुमची वही कोरीच राहते. बाकीच्या मालकांशी लेखी ठरवा की साधारण वर्ष-सव्वा वर्षाचं झालं की एक दिवस सगळी भावंडं एकत्र आणायची, टेस्ट करायची, आणि तोपर्यंत नसबंदी करायची नाही. तो दिवस जरा मजेचा ठेवा, जेवण वगैरे, म्हणजे लोक खरंच येतात. आणि येणाऱ्याला प्रामाणिकपणे सांगा की हे कुत्रं रोज काम मागणार, फ्लॅटमध्ये दोन फेऱ्यांवर भागणार नाही. सगळ्यात कमी ड्राइव्हचं पिल्लू घरगुती माणसाला देणं यात कमीपणा काही नाही.

ओढ आधीच गेली असेल तर?

जातीतच शोधा, पण वेगळ्या वस्तीत, जिथे ती अजून कामाला आहे. सायबेरियन हस्कीत, रिट्रीव्हरमध्ये अशा वर्किंग लाइन आहेतच. शो आणि वर्किंग यांचं पहिलं क्रॉस छान दिसतं आणि लोक तिथेच हुरळतात, खरी फाटाफूट दुसऱ्या पिढीत होते, तेव्हा त्या पिढीत जास्त पिल्लं तपासायची तयारी ठेवा आणि त्यातली थोडीच पुढे घ्या, मग परत वर्किंग बाजूला जोडी. दोन पिढ्या म्हणजे सहा-सात वर्षं गेली.

रजिस्ट्री किती लवचीक आहे हेही बघा. बॉर्डर कॉलीची आयएसडीएस ही संस्था १९०६ पासून काम बघत आली आहे, तिथे पेपर नसलेला कुत्राही काम सिद्ध केलं तर रजिस्टर होऊ शकतो. आजच्या बहुतेक बॉर्डर कॉलींच्या पेडिग्रीत मागे जो ओल्ड हेम्प सापडतो, १८९३ चा, त्याची कीर्ती झाली ती मेंढ्यांवरच्या शांत कामामुळे, दिसण्यामुळे नाही. १९९५ मध्ये अमेरिकन केनेल क्लबने या जातीला शोची मान्यता दिली तेव्हा काम करणाऱ्यांनी कडाडून विरोध केला होता तो याच भीतीने. तुमच्या जातीच्या क्लबात असा दरवाजा नसेल तर निदान तरुण कुत्र्यांची ऐच्छिक टेस्ट तरी सुरू करायचा आग्रह धरा, तिचे निकाल सगळ्यांना बघता आले पाहिजेत, नापासांसकट, आणि पहिल्या वर्षी स्वतःचं अख्खं लिटर घेऊन जा.